कपाळावरचा सरळ पट्टा

ऑलिव्हने उंदराच्या पिल्लाला तळहातावर उताणं केलं आणि अंगठ्याने त्याचं पोट हलकेच दाबून पाहिलं. पोट डफासारखं ताणलेलं होतं. पिल्लाने पाय झाडले नाहीत. नुसत्या मिशा थरथरवल्या आणि डोळे अर्धवट मिटून घेतले.

"कोण गं?" चहाच्या किटलीवर लोकरीची टोपी चढवता चढवता क्लिफर्डने विचारलं.

"तोच."

"सरळ पट्ट्याचा?"

क्लिफर्डने किटली तशीच सोडली आणि फडताळातून तेलाची बाटली आणि ड्रॉपर काढला. दोन्ही वस्तू हुडकाव्या लागल्या नाहीत. गेले काही आठवडे त्या मुरंब्याच्या बरण्यांच्याही पुढे उभ्या होत्या.

तो तिच्यासमोर बसला आणि बाटली दोन तळव्यांत धरून त्याने तेल कोमट केलं. चौतीस वर्षं बस चालवून त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते, पण ड्रॉपर मात्र तो असा धरी की थेंब पिल्लाच्या ओठावर पडल्याचं पिल्लालाही कळू नये. मग करंगळीने पोट चोळायचं, वरून खाली, वरून खाली. खिडकीबाहेर बेकप गावच्या चर्चची रविवारची घंटा वाजत होती आणि समोरच्या घरातला माणूस नेहमीप्रमाणे गाडी धूत होता.

"ह्या विणीतलं हे तिसरं," ऑलिव्ह म्हणाली.

"अजून गेलं नाहीये. गप्प बस."

पिल्लू महिन्याचं होतं. रंग चहात बुडवायच्या बिस्किटासारखा, पोटाकडची बाजू दुधासारखी, आणि नाकापासून निघून दोन्ही कानांच्या मधोमध संपणारा पांढरा पट्टा. नाकाशी रुंद, वर जाता जाता निमुळता, जणू कुणी पट्टी लावून आखलेला. असा पट्टा ऑलिव्हच्या घरात आजवर जन्मला नव्हता. जन्मल्यावर पाचव्या दिवशी, केस यायच्याही आधी, गुलाबी कातडीवर तो तिला दिसला होता, आणि त्या दिवशी तिने क्लिफर्डला भर सकाळी बागेतून हाक मारून आत बोलावलं होतं.

नजर तिची पहिल्यापासूनच तशी. वॉटरफूटच्या सपातांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तिचं काम एकच होतं. समोरून येणाऱ्या ढिगातून डावी आणि उजवी सपात उचलायची आणि दोघींची जोडी लावायची. एकीचा टाका अर्ध्या दाण्याने सरकलेला असला तरी तिच्या बोटांना कळे. "लग्नाच्या फोटोत माझा टाय वाकडा आहे," क्लिफर्ड पाहुण्यांना सांगे, "अजून दर ख्रिसमसला बोलून दाखवते."

उंदीर तिने पाळायला घेतले ते कारखाना सुटल्यावर. त्यांच्या प्रदर्शनांत कोणत्या रंगाला आणि कोणत्या खुणांना मान, ते सगळं ठरलेलं असे. डोक्याखांद्यावर काळी टोपी आणि पाठीवर सरळ रेघ असलेले, पोटावर पांढरा डाग असलेले, सयामी मांजरासारखे, निळसर राखाडी. ह्यात न बसणारे सगळे चुकीच्या खुणांचे. त्यांचं टेबल दाराजवळ, वाऱ्याच्या झोतात. नऊ वर्षांपूर्वी तिच्या बिस्किटी उंदरांत असंच एक चुकीचं पिल्लू निघालं, कपाळावर वेडावाकडा पांढरा ओघळ असलेलं. दुसऱ्या कुणी ते शेजारच्या मुलांना देऊन टाकलं असतं. ऑलिव्हने ते ठेवून घेतलं. मग त्याच्या पिल्लांतला सगळ्यात सरळ ओघळ निवडला, त्याच्याही पिल्लांतला सगळ्यात सरळ. करता करता ओघळाचा पट्टा झाला.

आता फक्त एक प्रदर्शन उरलं होतं. नव्या खुणेला मान्यता हवी तर ती तीन प्रदर्शनांत पास व्हावी लागे, आणि एकाच्या नव्हे, दोघांच्या घरातून यावी लागे. दोन प्रदर्शनं झाली होती. तिसरं येत्या शनिवारी टॉडमॉर्डनला होतं. आणि दुसरं घर हॅरल्ड ऑर्मरॉडचं होतं.

हॅरल्ड म्हणजे हॅसलिंग्डनचा, दगडाच्या खाणीत जन्म काढलेला. त्याचे काळ्या टोपीचे उंदीर आणि ऑलिव्हचे बिस्किटी उंदीर बारा वर्षं एकमेकांच्या शेजारी मांडले जात, आणि बारा वर्षं दोघं एकमेकांना टोमणे मारत. तिचं पट्ट्याचं पहिलं पिल्लू पाहून तो म्हणाला होता, "बाईसाहेब, ह्याच्या तोंडावर दूध सांडलंय. पुसून घ्या." त्यावर सगळा हॉल हसला होता. पुढे त्याची बायको एड्ना गेली. माद्या, बाळंतपणं, पिल्लं हे सगळं एड्नाच पाही. वर्षभरात त्याचे पिंजरे रिकामे होत गेले, आणि प्रदर्शनाला तो नुसताच हात मागे बांधून फिरू लागला. तेव्हा ऑलिव्ह एका सकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती. हातात पट्ट्याच्या दोन जोड्या.

"दूध सांडलेले आहेत," ती म्हणाली होती. "पुसायला फडकं देऊ का?"

हॅरल्डने पिंजरा घेतला होता आणि दार लावायचं विसरून आत निघून गेला होता.

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला त्याचा फोन येई.

"काय म्हणतायत माझी नातवंडं?"

"तुझी कुठली? माझी आहेत ती. मजेत आहेत."

"गेलंबिलं नाही ना एखादं?"

"छे. तुझ्याकडे?"

"इथे? इथे तर नुसता धिंगाणा चाललाय. एकसुद्धा नाही गेलं."

फोन ठेवल्यावर ऑलिव्ह थोडा वेळ तिथेच उभी राही. ज्या माणसाला आपण पोरं सांभाळायला दिली, त्याला कसं सांगायचं की आपल्याच घरी ती मरतायत? आणि त्याच्याकडे मरत नाहीत, तर चूक आपलीच असणार. ती मग पिंजरे पुन्हा धुई. त्याच्याकडे जायचं मात्र टाळी. तोही कधी ये म्हणत नसे.

सरळ पट्ट्याचं पिल्लू सोमवारी दुपारी क्लिफर्डच्या हातातच गेलं.

आधीची सगळी मागच्या अंगणात रुबार्बच्या वाफ्याशी पुरली होती. क्लिफर्ड फावडं घेऊन निघाला तेव्हा ऑलिव्हने सपातांचा एक जुना खोका काढला, पिल्लू रुमालात गुंडाळून त्यात ठेवलं आणि कोट चढवला.

"मेलेल्याला डॉक्टरकडे?" क्लिफर्ड म्हणाला.

"जिवंतांना नेऊन काय झालं?"

प्राण्यांच्या नव्या डॉक्टर, मिस कर्शॉ, तिशीच्या होत्या आणि गाईगुरांत वाढलेल्या होत्या. उंदीर पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, पोट उघडून बघते, बुधवारी या. बुधवारी ऑलिव्ह गेली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकल्या.

"तुमच्या खाण्यापिण्यात काही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "आतड्याचा शेवटचा भाग हलतच नव्हता. तिथे हलवणाऱ्या नसाच नाहीत."

"नसा कुठे गेल्या?"

"पोचल्याच नाहीत." मिस कर्शॉंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे बघा, पिल्लू आईच्या पोटात वालाच्या दाण्याएवढं असतं ना, तेव्हा त्याच्या पाठीवरून काही पेशी प्रवासाला निघतात. काही रंग घेऊन कातडीभर पसरतात. त्यांच्याच बहिणी आतड्यात उतरतात आणि आतड्याला हलायला शिकवतात. रंगवाल्या जिथे पोचत नाहीत तिथले केस पांढरे राहतात. काही घराण्यांत ह्या पेशी वाटेतच दमतात. रंगवाल्या दमल्या तर कपाळ पांढरं राहतं, एवढंच. पण त्यांच्याबरोबर आतड्याकडच्याही दमल्या तर..."

ऑलिव्ह खोक्याच्या झाकणाची कड बोटाने सरळ करत होती.

"म्हणजे तो पट्टा..."

"प्रत्येक पांढऱ्या कपाळाचं असं होतं असं नाही. पण तुम्ही किती पिढ्या तेवढेच निवडत आलात?"

"सतरा."

ऑलिव्ह निघाली तेव्हा मिस कर्शॉंनी खोका दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडे दिला.

घरी आल्यावर ऑलिव्ह कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. क्लिफर्डने तिच्यापुढे चहा ठेवला. तिने त्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, वालाच्या दाण्यासकट. शेवटी म्हणाली, "ह्या विणीतली तीन. मागच्या विणीतली दोन. त्याआधी..."

"मागच्या विणीतली चार," क्लिफर्ड म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"दोन तू उठायच्या आधीच गेली होती. मी पुरून टाकली."

"ती तू पोस्टमनला दिलीस म्हणाला होतास!"

"पोस्टमनकडे दोन मांजरं आहेत. विचार केला असतास तर कळलं असतं."

ऑलिव्हला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तिला रुमाल शोधावा लागला. क्लिफर्ड उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिच्या कोटाची बटणं त्याने एकेक करून मागूनच सोडवली.

"पण ऐक," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हॅरल्डकडे तर एकही जात नाही. रक्त तेच. म्हणजे डॉक्टरबाईंचं कुठेतरी चुकत असेल. त्याचा एखादा नर आण. काय हरकत आहे?"

ऑलिव्हने मान डोलावली. बुधवारची रात्र, गुरुवारचा दिवस आणि सहाचा तो फोन तिने ह्याच आशेवर काढला. हॅरल्ड म्हणाला, धिंगाणा चाललाय. ती म्हणाली, इथेही.

टॉडमॉर्डनच्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी लाकडाच्या भुशाचा, ओल्या कोटांचा आणि पितळी भांड्यात उकळत राहिलेल्या चहाचा वास कोंदला होता. लांब टेबलांवर पारदर्शक डबे ओळीने मांडले होते. प्रत्येकात मूठभर भुसा, काकडीची एक चकती, एक उंदीर. मालकाचं नाव परीक्षकाला दिसू नये म्हणून फक्त आकडा. ऑलिव्हने आपले दोघे मांडले. शेजारी हॅरल्डचे चार होते, मोठ्ठाले, चकाकत्या अंगाचे. त्यांच्याकडे पाहून तिला पहिल्यांदा हेवा वाटला, मग हायसं वाटलं.

हॅरल्ड दाराजवळ उभा होता. त्याने जाड जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं होतं आणि आत उकडत असूनही काढलं नव्हतं.

"चारही छान आहेत रे," ती म्हणाली.

"तुझेच आहेत."

"एक नर दे मला त्यातला. एकाच विणीपुरता."

हॅरल्डने तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "नाही जमायचं."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"अरे, मी तुझ्या दारात दोन जोड्या घेऊन आले होते, तेव्हा तू विचारलंस का, कशाला देतेस म्हणून?"

"तुझ्याकडे सगळे ठणठणीत आहेत ना? दर गुरुवारी सांगतेस. मग माझा कशाला हवा?"

ह्याला देण्यासारखं ऑलिव्हकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते देण्याची ही जागा नव्हती. आजूबाजूला डब्यांवर वाकलेली माणसं होती, त्यातल्या दोघीतिघींनी तिच्याकडून जोडी मिळावी म्हणून आधीच नावं सांगून ठेवली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुझे तुला लखलाभ."

हॅरल्ड दार ढकलून बाहेर गेला.

परीक्षक अ‍ॅक्रॉइडबाई ठेंगण्या, पांढऱ्या डगल्यातल्या, कडक म्हणून नाव काढलेल्या होत्या. बाई एकेक उंदीर उचलून मनगटावर घेत, शेपटीच्या मुळाशी धरून समोरून पाहत, वरून पाहत, पोट पाहत. पट्ट्याचे सहाही उंदीर पाहून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला.

"नऊ वर्षांपूर्वी मीच ह्या खुणेला दाराजवळच्या टेबलावर बसवलं होतं," त्या तो पुसतापुसता म्हणाल्या. "कुणाचे आहेत ते मी विचारणार नाही. पण ज्यांचे आहेत त्यांनी जेवणानंतर येऊन नाव सांगावं. खुणेचं नाव. मी सही करणार आहे."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. क्लिफर्डने ऑलिव्हच्या पाठीवर हात ठेवला.

"हॅरल्डला सांगायला हवं," ती म्हणाली. "मेला कुठे जाऊन बसलाय?"

हॉलच्या मागे, दगडी भिंतीला लागून त्याची व्हॅन उभी होती. इंजिन चालू होतं आणि काचा आतून धुरकटल्या होत्या. ऑलिव्हने दार उघडलं.

"लाव, लाव! वारं येतंय," हॅरल्ड म्हणाला.

ती आत चढली आणि दार ओढून घेतलं. हॅरल्डच्या जाकिटाची चेन पोटापर्यंत उघडी होती. आत, स्वेटरच्या घडीत, बिस्किटी रंगाचं एक पिल्लू होतं. महिन्याचं असेल. पुढे काचेजवळ तेलाची लहान बाटली आणि ड्रॉपर होता.

ऑलिव्हने ड्रॉपरकडे पाहिलं. मग पिल्लाच्या पोटाकडे. अंगठ्याने दाबून पाहायची गरज नव्हती.

"घरी ठेवून यायचा धीर झाला नाही," हॅरल्ड म्हणाला. "दर तासाला चोळावं लागतं."

"हे पहिलं का?"

त्याने जाकीट पिल्लाभोवती ओढून घेतलं. हीटरचा आवाज येत होता.

"एकतीस झाली आजवर. अकरा गेली. हे बारावं."

"तू म्हणत होतास एकही नाही."

"तू म्हणत होतीस एकही नाही. मग मी काय म्हणणार?" त्याने पिल्लाच्या पोटावर करंगळी फिरवली. खडबडीत, नखाजवळ कायमची भेगाळलेली करंगळी. "तुझ्याकडे ती उड्या मारतायत आणि इथे एड्नाच्या पिंजऱ्यांत पटापट मरतायत. पिंजरे बदलले. भुसा बदलला. पिल्लांना हात लावायच्या आधी दहा मिनिटं हात गरम पाण्यात बुडवून बसायचो. म्हटलं, दगड फोडणारे हात, ह्यांना बाळंतपण काय कळणार. तिच्या हातातून एक गेलं नव्हतं, ऑलिव्ह. एक नाही. म्हणून नर नको म्हटलं तुला. तुझ्या घरात माझी अवदसा कशाला?"

ऑलिव्हने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"हॅरल्ड, माझी सात गेली. सात नाही, नऊ. दोन क्लिफर्डने लपवली होती. आणि ही फक्त शेवटच्या तीन विणींतली."

मग तिने त्याला सांगितलं. पाठीवरून निघणाऱ्या पेशी, त्यांच्या बहिणी, वाटेत दमणं, पांढरं राहिलेलं कपाळ. मिस कर्शॉंनी सांगितलं त्याहून ते तिला नीट सांगता आलं, कारण बुधवारपासून तिने दुसरं काही मनात घोळवलंच नव्हतं. तिचं सांगून झाल्यावर हॅरल्डने खाली पाहिलं, पिल्लाकडे नाही, पिल्लाखालच्या आपल्या हाताकडे.

"म्हणजे हात नव्हते," तो म्हणाला.

"नाही."

"माझे हात नव्हते."

"नाही रे. माझी नजर होती."

हॅरल्डने दुसऱ्या हाताने डोळे झाकून घेतले. त्याचे खांदे हलू पाहत होते आणि पिल्लाला धक्का बसू नये म्हणून तो ते हलू देत नव्हता. ऑलिव्हने हात पुढे करून पिल्लू त्याच्या स्वेटरमधून काढलं आणि आपल्या स्वेटरमध्ये घेतलं. तेव्हा कुठे तो मोकळेपणी रडला. ती समोरच्या धुरकट काचेकडे पाहत बसली. आपण आत्ता जे सांगितलं त्याने आपली नऊ वर्षं पुसली गेली हे तिला कळत होतं. पण शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास हळूहळू मोठा, मोकळा होत चालला होता, आणि तो तिला ऐकावासा वाटत होता.

"बाई सही करणार आहेत," शेवटी ती म्हणाली.

"हो?" त्याने बाहीने नाक पुसलं. "मग?"

"मग काय. चल."

जेवणाच्या वेळी अ‍ॅक्रॉइडबाई टेबलाशी बसून हॅम भरलेला पाव खात होत्या. समोर सहीचा कागद होता. ऑलिव्ह आणि हॅरल्ड समोर उभे राहिले.

"काय नाव ठेवताय?" बाईंनी पेन उचललं.

"लिहू नका," ऑलिव्ह म्हणाली. "आम्ही मागे घेतोय."

"पुढच्या वर्षीसाठी?"

"कायमचं."

बाईंनी हॅरल्डकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. ऑलिव्हने स्वेटरचा काठ थोडा खाली ओढून पिल्लू दाखवलं, आणि का ते चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी पाव बाजूला सारला, बोटं पुसली आणि पिल्लाच्या पोटावर दोन बोटं टेकवली. कडक म्हणून नाव असलेल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही, फक्त त्यांनी बोटं लगेच उचलली नाहीत.

"आणि आहेत त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"आहेत ती म्हातारी होतील. खातील, झोपतील, माझे पडदे कुरतडतील. पुढची नाहीत."

"लोक दुसरीकडून आणून अशी पिल्लं काढतील, मिसेस क्लेग. एकदा डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी."

"म्हणून तर सगळ्यांना सांगायचंय. तुम्ही बोलवाल का त्यांना?"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि चमच्याने कप वाजवला. ऑलिव्ह जन्मात कधी माणसांपुढे उभी राहून बोलली नव्हती. ती बोलली ते फारसं कुणाला ऐकूही गेलं नसेल, पण हॉल इतका शांत झाला होता की डब्यांतून भुसा उकरल्याचा आवाज येत होता. ज्या दोघीतिघींनी जोडीसाठी नावं दिली होती त्यातली एक मागच्या ओळीत उभी होती. ती एकदम म्हणाली, "माझीही गेली. दुसऱ्यांकडून पांढऱ्या कपाळाची घेतली होती. चार." आणि मग आणखी कुणीतरी म्हणालं, "माझ्याकडेही दोन."

निघताना अंधारायला अजून अवकाश होता. हॅरल्डला गाडी चालवायची होती आणि पिल्लाला एक हात लागणार होता, म्हणून ऑलिव्ह व्हॅनमध्ये बसली. क्लिफर्ड सगळे डबे घेऊन आपल्या गाडीतून मागून निघाला. "माझ्या बायकोला नीट आण," तो खिडकीतून म्हणाला. "वळणं जपून घे. बस नाहीये ती."

"बस चालवणाऱ्यांनीच रस्ते खराब केलेत," हॅरल्ड म्हणाला.

रस्ता घरांमधून सुटला आणि माळाच्या चढणीला लागला. दोन्ही बाजूंनी दगडी कुंपणं, पलीकडे पिवळट गवत, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या मेंढ्या. हॅरल्ड बोलत होता. दोन वर्षांत इतकं तो बोलला नव्हता. एड्ना बाळंतिणींना दुधात भिजवलेला पाव कसा देई, रात्री पिंजऱ्यांवर आपली जुनी शाल कशी टाके. खाणीतून आल्यावर त्याने तसेच हात पुढे केले की कशी ओरडे. मधेच तो विचारी, "कसं आहे?" ऑलिव्ह म्हणे, "आहे." आणि तो पुढे सांगू लागे.

शार्नीफोर्डच्या वर माळ सपाट होतो आणि खालच्या दरीत बेकप दिसू लागतं. तिथे त्याने पुन्हा विचारलं.

"कसं आहे गं?"

ऑलिव्हने खाली पाहिलं. तिचा अंगठा अजून त्या पोटावरून फिरत होता, वरून खाली, वरून खाली.

"गेलं," ती म्हणाली.

हॅरल्डने गाडी हळू केली. थोडं पुढे कुंपण तुटलं होतं तिथे ती गवतावर घेऊन थांबवली. हातब्रेक ओढला.

"कधी?"

"चढण संपली तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू एड्नाचं सांगत होतास."

मग त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले, ओंजळ करून. ऑलिव्हने पिल्लू त्यात ठेवलं. मागे क्लिफर्डची गाडी येऊन उभी राहिली, तिचा दिवा उघडझाप करत राहिला, पण क्लिफर्ड उतरला नाही.

"पट्टा मात्र सरळ होता ह्याचा," हॅरल्ड म्हणाला.

ऑलिव्हने वाकून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, नाकापासून कानांपर्यंत.

"नाही," ती म्हणाली. "डावीकडे जरासा ढळलाय."